बाबांचे मेल का येत नव्हते

दादा,

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आलाय आणि तुझा जुना डेटा मी परत चढवलाय. तुझ्या खात्यावर सगळ्यांचे मेल यायला लागले, फक्त बाबांचे येईनात. पासवर्ड बदलला, सेटिंग पुन्हा भरलं, दुरुस्तीवाल्याला फोनवर नाही नाही ते बोलले. तिकडे बाबा एका बोटाने टाइप करून पुन्हापुन्हा पाठवत होते आणि दर वेळी मला फोन करून विचारत होते, "आता तरी मिळाला का गं?"

मग तू लावलेला फिल्टर सापडला. बाबांचा मेल आला की न उघडता थेट कचऱ्यात. कॉम्प्युटर बिघडला या आठवड्यात, पण त्यांना तू वर्षभर 'कॉम्प्युटर बिघडलाय' हेच सांगतोयस. किळस आली मला.

दुरुस्तीवाल्याची माफी मागितली. फिल्टरला हात लावलेला नाही, तो तूच काढ. जेवण झाकून ठेवलंय. मी मैत्रिणीकडे राहणार आहे, आज तुझं तोंड बघायची इच्छा नाही.

बाबांना सांगितलंय, कॉम्प्युटर आता ठणठणीत आहे. ते संध्याकाळी तुलाच फोन करून विचारणार आहेत, मिळाला का म्हणून.