रविवारी आम्ही आतच होतो

मानवत,
रविवार, दुपारचे चार

तीर्थरूप दिनकरराव मामा यांच्या पायाशी जावई गोपाळचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घालतो आहे, कारण उठून तुमच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नाही.

इकडे मी, तुमची लेक वैष्णवी आणि तुमची नात साक्षी, तिघंही खुशाल आहोत. (वैष्णवीबद्दल हे मी अंदाजाने लिहितो. चौदा दिवसांपासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि काम फारसं काढत नाही.) मामींचे गुडघे, गोठ्यातली तांबडी, धरणातलं पाणी, सगळ्यांची खुशाली कळवावी. कळवताना पेन फार दाबून लिहू नये ही विनंती, मी हल्ली अक्षरालाही घाबरतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. एक कारण असं की माझ्या मोबाईलचं रिचार्ज संपून आठवडा झाला, येणारे फोन तेवढे येतात. दुसरं आणि खरं कारण असं की फोनवर मी तुमच्याशी शेवटचं जे बोललो ते धडधडीत खोटं होतं. ते तुम्हाला कळलं की नाही, या एका प्रश्नाने माझी झोप गेली आहे. एरवी तुम्ही दिवसाआड फोन करून साक्षीला 'जेवली का गं बाई' म्हणून विचारणार. त्या रविवारपासून एकही फोन नाही. मामा, तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मी पोटभर जेवलो असतो. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी मुळातला भित्रा. (लग्नात घोड्यावर बसायला मी नकार दिला होता ते तुम्हाला आठवत असेल. घोडं म्हातारं होतं आणि सबंध वेळ झोपेत होतं, तरीही.) त्यात यंदा कापसाचा हंगाम लवकर आटोपला आणि जिनिंगच्या मालकाने आम्हा कारकुनांना बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत अर्धा पगार. आवाज इतका गोड होता की मी आभार मानून बाहेर आलो. घरी आल्यावर पाचावर धारण बसली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण आमचं अंथरूण एका दुपारीत अर्धं झालं होतं आणि पाय तेवढेच राहिले होते.

मग काटकसर सुरू केली. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलं, ते साक्षीचं, आम्हा दोघांना कोरा चहा. पंखा एक नंबरवर. (एक नंबरवर तो वारा देत नाही, नुसता आपण कामावर आहोत असं दाखवतो. मीही जिनिंगमध्ये सध्या तेच करतो.) माझे केस वैष्णवीने घरीच कापायचे ठरलं. एक बाजू जास्त गेली म्हणून दुसरी कापली, दुसरी जास्त गेली म्हणून पहिली, असं करता करता डोकं इतकं मोकळं झालं की सकाळी जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या आश्रुबाने उभं राहून हात जोडले आणि घरात कोण गेलं म्हणून विचारलं. खरं सांगायची लाज वाटली. लांबचे चुलते होते, असं मी म्हणालो. त्याने मालकाला सांगितलं, मालकाने मला दोन दिवस सुट्टी दिली आणि दोन दिवसांचा पगार कापला. खोटं बोलायला मी असा लागलो मामा, एकदम नाही.

गॅस वाचावा म्हणून स्वयंपाक दिवसातून एकदाच, दुपारी बाराला, एकाच कुकरमध्ये: खाली वरण, वर भात, त्याच्या वर बटाटे. इथवर सगळं जमलं. जमत नव्हतं ते पाहुण्यांचं. आमचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी गावाकडचं जे कुणी मानवतला उतरतं ते पाणी प्यायला आमच्याकडे येतं, आणि आपल्याकडे नुसतं पाणी पाजून माणूस घालवायची रीत नाही. शिवाय वैष्णवी तुमची लेक. चहा घेता का असं ती विचारतच नाही, आधी आधण ठेवते आणि मग पाहुणा कोण आहे ते बघते. एका रविवारी सात जण आले आणि आठवड्याची साखर संध्याकाळी संपली. त्या दिवशी मला ती युक्ती सुचली. (अक्कल नसली की युक्त्या भराभर सुचतात.)

युक्ती अशी. रविवारी सकाळी दहाला मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, बोळातून मागे जायचं, गटार ओलांडायचं आणि मागच्या दाराने आत यायचं. पाच वाजेपर्यंत घरात कुजबुजून बोलायचं. येणारा कुलूप बघून परत जातो, ना कुणी दुखावतं, ना साखर संपते. कुणाचा फोन आलाच तर उत्तर ठरलेलं: आम्ही नांदेडला आहोत, मालकाच्या पुतण्याच्या बारशाला. (मालकाला पुतण्या नाही.) वैष्णवीला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. साक्षीला मात्र फार आवडलं. तिने शाळेत बाईंना सांगितलं की रविवारी आम्ही घरी नसतो, आतच असतो.

आता त्या रविवारचं.

सव्वाबारा झाले होते, कुकर नुकताच चढवला होता. बाहेर ओट्यावर चपला वाजल्या, काहीतरी जड धप्पकन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि कुणीतरी कुलूप हलवून बघितलं, मग काहीतरी पुटपुटत खाली बसलं. आम्ही तिघंही नियमाप्रमाणे श्वास रोखून उभे. तेवढ्यात पिठाच्या डब्यावर ठेवलेला माझा मोबाईल गुरगुरायला लागला. तो उचलून मी मोरीत पळालो. बघतो तर तुमचं नाव. मामा, देवाशपथ सांगतो, मला हायसं वाटलं. तुम्ही म्हणजे येलदरीला, तीन गाड्या बदलायच्या अंतरावर. ओट्यावरचा माणूस कुणीही असो, तो तुम्ही नव्हता. मी फोन घेतला.

"कुठं हाव, जावईबापू?"

"आमी नांदेडला हाव मामा, बारशाला. तिघंबी."

"बरं बरं. मजेत ऱ्हावा. सहजच केलता फोन."

हे शेवटचं वाक्य मी दोन्ही कानांनी ऐकलं. एका कानाने मोबाईलमधून, आणि त्याच्या किंचित आधी, दुसऱ्या कानाने, मोरीच्या झरोक्यातून. झरोका ओट्यावर उघडतो.

त्या क्षणी बाहेर येऊन तुमचे पाय धरायला हवे होते. पण कुलूप बाहेर आणि किल्ली माझ्या खिशात. दार उघडायचं तर मागच्या दाराने निघून, गटार ओलांडून, बोळाला वळसा घालून तुमच्यासमोर यायला हवं, म्हणजे नांदेडहून दोन मिनिटांत यायला हवं. वैष्णवीला मी खुणेनेच सांगितलं की विमावाला आहे. तिने साक्षीला मांडीवर घेऊन घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि कुकरने शिट्टी दिली.

एवढी मोठी शिट्टी त्या कुकरने आमच्या संसारात कधी दिली नव्हती. बाहेर शेजारच्या तानुबाई आल्या होत्या. तुम्ही त्यांना विचारलंत, "आत कुणी हाय का वो? कुकर वाजायलाय." तानुबाई म्हणाल्या, "माझा हाय तो, भाऊ." मी गॅस बंद करायला रांगत निघालो, वाटेतच दुसरी शिट्टी झाली, आणि तानुबाई पुन्हा म्हणाल्या, "माझाच." मामा, तानुबाई चुलीवर पातेल्यात शिजवतात. त्यांच्या घरात कुकर नाही. तुम्ही त्यांच्या दारातून आत बघितलंत का, चूल दिसली का, एवढं एकच मला कळायला हवं आहे आणि तेच विचारायची भीती वाटते.

परतीची गाडी तीनला, म्हणून तुम्ही पायरीवरच बसून राहिलात. वैशाखातलं ऊन. तुम्ही भाकरी सोडलीत, ठेच्याचा वास आत आला, आणि त्याच्या मागून माशांचा. येलदरीची रोहू ओल्या पोत्यात गुंडाळून तुम्ही तीन गाड्यांमधून आणली होती. आम्ही तीन महिन्यांत मासा बघितला नव्हता. जेवून तुम्ही दाराला पाठ टेकलीत. दार जरासं आत दबलं. आतून त्याच दाराला मी टेकून बसलो होतो. मधे एक बोटभर फळी. तुम्ही तानुबाईंना म्हणालात, "लेकरं भायेर गेली, बरं झालं. घरात कोंडून बसून तरी काय करत्याल?" हे ऐकून मला रडू आलं. तोंडात टॉवेल धरून रडलो.

संध्याकाळी तानुबाईंनी पोतं आणून दिलं. चाळीस किलो ज्वारी, वर मामींनी जात्यावर भरडलेली तुरीची डाळ. कंडक्टरने पोत्याचं वेगळं तिकीट घेतलं हे तुम्ही त्यांना हसत सांगितलं म्हणे. मासे उद्यापर्यंत टिकायचे नाहीत म्हणून तुम्ही त्यांनाच दिलेत. ते त्यांनी रीतसर केले आणि भिंतीपलीकडून सातपर्यंत आम्ही त्यांचा वास घेत वरण-भात जेवलो. वैष्णवीने पोत्याचं तोंड सोडलं, डाळ हातात घेतली, पुन्हा पोत्यात टाकली आणि पोतं बांधलं. माहेरची डाळ आली की जी बाई आधी मामींना फोन लावते, तिने त्या दिवशी लावला नाही. त्या दिवसापासून ते पोतं कोपऱ्यात आहे, त्याला हात लावायची माझी छाती होत नाही, आणि आम्ही विकतची ज्वारी आणून खातो आहोत. (काटकसरीच्या दृष्टीने हे बरोबर नाही हे मला कळतं.)

आता तुम्हीच सांगा मामा, मी काय समजू? तुम्हाला काहीच कळलं नसेल, तर हे पत्र लिहून मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कळलं असेल, तर उन्हात दोन तास बसून तुम्ही माझी अब्रू राखलीत, आणि मी तुमची राखली नाही. दोन्हींतलं काय जास्त भीतीचं ते ठरवता ठरवता चौदा दिवस गेले. तुम्ही पुन्हा आमच्या पायरीवर येणार नाही, ही खरी भीती आहे, बाकी सगळं मी उगाच लांबवलं. ते कुलूप मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. (चांगलं कुलूप होतं.) मला माफ करा.

मामींना दंडवत. तुमचाच, पण कसा ते सांगायला लाज वाटणारा,

गोपाळ

ता. क. पत्र तातडीने लिहायचं कारण सांगायचं राहिलं. साक्षीच्या शाळेची पुढच्या वर्षाची फी पंधरा तारखेच्या आत भरायची आहे. दहा हजारांची सोय झाली तर दिवाळीला नक्की परत करतो. तुम्ही रागावला असाल तर पाच चालतील.

ता. क. २. पैशांची ही गोष्ट वैष्णवीला कळू देऊ नये. हे नुसतं खुशालीचं पत्र आहे असं तिला सांगितलं आहे. पाकीट चिकटवून धम्मपाल गुरुजींकडे द्यायला तिच्याकडेच देतो आहे, ते उद्या पहाटे तुमच्याकडच्या शाळेवर निघणार आहेत.

ता. क. ३. अण्णा, मी वैष्णवी. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं.

ह्यांना वाटतं की पोतं येईपर्यंत मला विमावालाच आला असं वाटत होतं. तुम्ही कुठेही बसताना 'हं, बसा आता' असं स्वतःलाच म्हणता, ते मी जन्मापासून ऐकते आहे. फोन वाजायच्या आधीच मला कळलं होतं. साक्षीने 'आजोबा' म्हणून तोंड उघडलं आणि मी तिचं तोंड दाबलं. किल्ली मागून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पाडव्याला आईने सांगितलं होतं की तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे तुम्ही दोनदा जमवलेत आणि दोनदा दुसऱ्याच्या अडचणीला दिलेत, आता तिसऱ्यांदा जमवले आहेत. ह्यांना हे माहीत नाही. दार उघडलं असतं तर तुम्ही एकदा घरभर बघितलं असतं, काही न बोलता उठला असता, आणि ते पैसे मला साक्षीच्या दप्तरात सापडले असते. म्हणून मी उठले नाही. तुम्ही उन्हात बसलात आणि मी आत सावलीत बसले, हे मला आयुष्यभर पुरेल.

तुम्ही रागावला नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. फोन केला तर लेकरांना परत खोटं बोलावं लागेल, म्हणून तुम्ही फोन करत नाही. करा, अण्णा. मला तुमच्या रागाची भीती नाही, ह्या गप्प बसण्याची वाटायला लागली आहे.

दहा पाठवू नका, पाचही पाठवू नका. शुक्रवारी शाळेत जाऊन मी फीचे चार हप्ते पाडून घेतले. ह्यांना अजून सांगितलं नाही, थोडे घाबरू देत. तुम्ही दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख घ्या आणि गुरुजींजवळ निरोप द्या. मी आदल्या दिवशी साक्षीला घेऊन येते. पट्टी काढतील तेव्हा मी समोर उभी असेन.