खडूच्या खुणेमागची क्लॅरिनेट

मी, रेडिओवर व्हायोलिन वाजवण्यात आयुष्य घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. वकीलसाहेब म्हणतात, स्वस्थ बसून लिहा. कुठली स्वस्थ बसते! वर धाकट्या भावाची पावले वाजली की माझा हात थांबतो.

खालच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. तिने हवे तर भिंती पाडाव्यात. जिन्याचे दार मात्र उघडे ठेवावे. ते मी बंद केलेले नाही.

शेजारच्या शिंपीणबाई साक्षीदार आहेत. साक्षीची सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असला हा आखडू कायदा. म्हणून माझी चांगली कात्री त्यांना कालच देऊन टाकली.

रेडिओ केंद्राच्या निवेदकाला माझ्याकडून काहीही नाही. का, ते पुढे येईल.

क्लॅरिनेट भावाला. ती त्याचीच आहे. केंद्राच्या स्थानिक कलाकारांच्या कार्यक्रमात आम्ही जोडीने वाजवले होते. स्टुडिओत मायक्रोफोन एकच. क्लॅरिनेटचा आवाज मोठा, म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्याने दाराजवळ जमिनीवर खडूने खूण केली आणि भावाला तिथे उभे केले, मला मायक्रोफोनपाशी. प्रसारणात मी घरात वाजवतेय आणि तो शेजाऱ्यांकडे, असे ऐकू आले. वर निवेदकाने माझे नाव घेतले आणि त्याचे ‘साथीला क्लॅरिनेट’ एवढ्यावर उरकले. भावाला वाटले, हे सगळे मीच ठरवले. क्लॅरिनेटची पेटी माझ्या खाटेवर टाकून म्हणाला, “दोन्ही तूच वाजव.” चूल वेगळी केली, बोलणे बंद.

खूण माझी नव्हती. पण ज्याने मला इतकेही ओळखले नाही, त्याच्या विनवण्या मी का करायच्या? राग आहे, अजून आहे. तरी त्या क्लॅरिनेटला तेल लावत आले, लाकूड तडकू दिले नाही. उद्या मी उठले नाही तर ती त्याच्याकडे जावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

इथे लिहिणे थांबले होते. दुसरे साक्षीदार, समोरचे औषधवाले, तापाने आले नाहीत. शिंपीणबाई मला न विचारता वर गेल्या आणि भावालाच घेऊन आल्या. वकिलांनी आतापर्यंतचे सगळे मोठ्याने वाचले. मी खिडकीकडे तोंड करून उभी.

भाऊ म्हणाला, “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी?”

वकील घाईघाईने म्हणाले, यांनी सही केली तर क्लॅरिनेटचे कलम बाद होईल, दुसरा साक्षीदार बघू. मी म्हटले, कलमच नको. ‘क्लॅरिनेट भावाला’ हे शब्द मी वाचता येतील असे खोडून शेजारी सही केली आहे, आणि पेटी त्याच्या हातात दिली आहे.

त्याने फुंकून पाहिली. गार होती, सूर उतरलेला. तो तळव्यांत धरून तिला ऊब देत बसला, तोवर मी व्हायोलिन काढले. मग उठला, पण जागचा हलेना.

“ताई, मी कुठं उभा राहू?”

माझ्या उजव्या हाताला, अगदी लगत, जागा केली आहे. व्हायोलिनच्या गजाचा धक्का लागला तर लागला. वकीलसाहेब, सह्या लवकर घ्या.

लिहून ठेवणारी: व्हायोलिनवाली (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: धाकटा भाऊ, क्लॅरिनेटवादक (सही)
ठिकाण: घराची खालची खोली, जिन्याचे दार उघडे
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस