यांच्या वाटच्या गोळ्या

१४ जुलै, सोम.
यांना घरी आणलं. चिखलणी करताना पॉवर टिलर बांधावरून उलटला, दांडा छातीत बसला, दोन बरगड्या मोडल्या. मेल्या टिलरचं तोंड बघू नये. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी कडक गोळ्या दिल्या, पाच दिवसांच्या. म्हणाल्या, "दुखणं दबलं की मुद्दाम खोल श्वास घ्यायला लावा, खोकायला लावा. दुखतं म्हणून खोकले नाहीत तर कफ साठून न्यूमोनिया होईल." 
मार्गासनीहून भोरला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून जास्तीच्या मागितल्या. नाही म्हणाल्या. थोड्या दिवसांच्या दुखण्याला थोड्याच, कायदा आहे. आमी काय गर्दुल्ले हाय का? लई राग आला.

१६ जुलै, बुध.
रोपं वाढून चालली होती. शेजारच्या सोनाकाकूंनी आपणहून इरजिक जमवली. अख्खी आळी आमच्या खाचरात उतरली. मजुरी नाही, काही नाही. त्यांच्या लावणीला आपण जायचं. मी चुलीपुढून हलले नाही, चहा सासूबाईंनीच, आत्यांनीच दिला सगळ्यांना. हे ओट्यावरून बघत होते, डोळे भरले यांचे.
संध्याकाळी सोनाकाकूंच्या जावेला गरगरलं, चिखलातच बसली. ऊन लागलं म्हणावं तर ऊन होतं कुठं?

१७ गुरु.
गोळ्यांची पट्टी रिकामी. आत्यांना विचारलं.
"चहासंगं वाटल्या की. बायांच्या कमरा लई दुखत व्हत्या. आपल्या रानात राबल्या, त्यांना येक गोळी जड झाली व्हय?"
आत्यांच्या मनात पाप नाही, कळतं मला. तरी तोंड सुटलं माझं. नको ते बोलले. आत्या जेवल्या नाहीत.

१८ शुक्र.
भोर. मेडिकलवाला म्हणे, "वैनी, ह्या चिठ्ठीवर आता न्हाई मिळायच्या. शिक्का मारलाय बघा. नवी आणा." डॉक्टरीणबाई पुण्याला गेलेल्या, उद्या येणार. तशीच परत.
साध्या गोळीनं काही होत नाही. उशी छातीशी आवळून बसलेत. खोकला आला की गिळतात. "खोका वो, पाया पडते." "न्हाई गं, जीव जातो." अंग कोमट लागतंय.

१९ शनि.
ताप फणफणला. गाडी करून भोर, आत्या हट्टानं संगं आल्या. डॉ.नी पहिलं विचारलं, गोळ्या कशा संपल्या? सांडल्या म्हणून सांगणार होते. तोंड उघडायच्या आत आत्याच म्हणाल्या, "म्या वाटल्या."
डॉ. ओरडल्या नाहीत. गरगरलेल्या बाईची चौकशी केली, आता बरी आहे ना, दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, ह्याच्यासाठीच मोजून देतात. एखादीचा श्वास मंदावला असता."  त्या सोमवारचा माझा राग मलाच गिळावा लागला.
छातीच्या फोटोत डाव्या बाजूला डाग आहे. दाखल केलंय. देवा, एवढं निभावून ने.

२२ मंगळ.
सोडलं आज. तीन दिवसांच्या गोळ्या, रिकामी पट्टी परत दाखवायची. शुक्रवारी पुन्हा फोटो. डाग गेला की नाही तेव्हाच कळणार.
सोनाकाकू आल्या. उद्या त्यांची लावणी. म्हणाल्या, "त्यातली येकच दे गं. तुज्या रानात वाकले तवापासनं कंबर सरळ हुईना."
नाही दिली. समजावून सांगितलं, डॉ.चं सगळं सांगितलं.
"तुजा नवरा तेवढा माणूस, व्हय? आमची ती लाकडं?"
चहा ठेवला होता, न घेताच गेल्या. काळजाला लागलं माझ्या. त्या नसत्या तर आमचं भात उभं राहिलं नसतं.
उद्या त्यांच्या खाचरात मला जावंच लागेल. न जाऊन कसं चालेल? सकाळची गोळी देऊन निघेन. पण दुपारची आहेच. खोकायलाही लावायचंय. घरी आत्या एकट्या, आणि वाटेनं येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यांना हाक मारणार.
पट्टी आत्यांच्या हातात देऊन जाऊ, का दुपारची तेवढी काढून ठेवून बाकीची कमरेला खोचून नेऊ? कमरेला खोचताना आत्यांनी बघितलं तर?