कोल्ह्याने नेलेला बूट

आत्या, परवा बसमधून तुमच्या घरावरून गेलो. नव्या लोकांनी पुढच्या दारातल्या पायरीभोवती काचेची खोली उभी केली आहे, आणि तिच्यात सात-आठ बूट, बाबागाडी, कुत्र्याचा पट्टा असा सगळा पसारा आहे. तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत. मला मात्र हसू आलं, कारण आता तिथे कोल्ह्याची डाळ शिजणार नाही. पुढचे दोन स्टॉप मी हसतच होतो, आणि मग हसू ओसरलं. त्या बुटाबद्दल तुम्हाला एक गोष्ट कधीच सांगितली नाही, ती आता सांगायला बसलोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. जन्म बर्मिंगहॅमचाच, बाबा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते तेव्हाचा, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्टची अडचण नव्हती. पण वाढलो कॅनडात. तिथे फॉरवर्ड म्हणून एका मॅचमध्ये तीन गोल मारले तरी लोक पाठीवर थाप मारून आइस हॉकी बघायला निघून जायचे. बाबांनी मला मोजून एक वर्ष दिलं. वर्षभरात एखाद्या इंग्लिश क्लबने करार केला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत येऊन युनिव्हर्सिटी. बाबांची थोरली बहीण म्हणून मला तुमच्या दारात सोडण्यात आलं. काका जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचात, आणि घरही लॅबसारखंच ठेवायचात. बाहेरची पादत्राणं उंबऱ्याच्या आत नाहीत, हा तुमचा पहिला नियम. माझे फुटबॉलचे बूट म्हणजे चामडं, वर चिखल, आणि स्वयंपाकघरातच तुमचे देव. पहिल्याच दिवशी तुम्ही पायरीवर वर्तमानपत्र अंथरून दाखवलंत आणि म्हणालात, "यांचं घर इथे. तुझं आत."

वर्ष संपत आलं होतं. दोन क्लबांनी आधीच नको म्हटलं होतं, तिसऱ्याने ट्रायलला बोलावलं होतं. ट्रायल म्हणजे परीक्षेची मॅच. त्यात पसंत पडलो तर करार. त्या सकाळी तुम्ही लॅबला उशिरा येते म्हणून कळवलं होतंत. तळहातावर दही-साखर दिलीत, मी ती चाटली, दार उघडलं, आणि पायरीवर उजवाच बूट.

"आत्या, माझी एक बूट नाहीये!"

"माझा बूट," तुम्ही सवयीने दुरुस्त केलंत, आणि मग कुठे तुमच्या लक्षात आलं. नेसत्या साडीवर वेलिंग्टनचे रबरी बूट चढवून तुम्ही शेजारच्या अंगणात शिरलात, झुडपं काठीने बाजूला सारलीत. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "फॉक्स, लव्ह. दे लाइक लेदर." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. रस्त्यावरच्या इतर कुठल्या घरात कोणी चामड्याचे बूट रात्रभर बाहेर ठेवत नव्हतं. तो मान फक्त आपल्या घराचा.

मी एकच बूट पिशवीत घालून बस पकडली. ग्राउंडवर कपडे-बूट सांभाळणारा माणूस पोट धरून हसला, माझ्या पायाकडे एक नजर टाकली आणि फळीवरून एक जोडी काढून दिली. आत्या, ते बूट मला अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. माझ्या स्वतःच्या बुटांपेक्षाही चांगले होते ते. मैदानात उतरलो. दहाव्या मिनिटाला चेंडू माझ्याकडे आला, समोर फक्त गोलकीपर. मी मारला नाही. मारला आणि चुकला तर काय, या विचाराने मी तो बाजूला ढकलला, आणि बाजूला कोणीच नव्हतं. पुन्हा एकदा संधी आली, तेव्हा डोळे मिटूनच मारला असणार, कारण तो कुठे गेला ते मला आठवत नाही. शेवटी कोच हात मिळवून म्हणाले, "थँक्स फॉर कमिंग, सन." मी घाबरलो होतो. बाकी काहीही झालं नव्हतं.

घरी आलो तर तुम्ही लॅबला गेलाच नव्हतात. कोल्ह्याने नेलेला बूट कोणाच्या तरी शेडमागे सापडला होता, टाचेला चावलेला. तुम्ही तो धुऊन, पुसून, स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर वाळत ठेवला होता. देवांपासून चार हातांवर. ते बघून मला रडू यायला हवं होतं, पण मी तर सबबच शोधत होतो, आणि ती समोर वाळत पडली होती. तुम्ही विचारलंत, "काय झालं रे?" मी म्हटलं, "त्यांचे बूट टाइट होते, आत्या. चेंडू पायावर येतच नव्हता."

तुम्ही खुर्चीत बसलात. मग उठून फोन लावलात. कॅनडात तेव्हा जेमतेम उजाडलं असेल. बाबांना तुम्ही म्हणालात, "पोराची काही चूक नाही. माझ्या सोवळ्यापायी त्याची संधी गेली. त्याला अजून एक वर्ष दे. नाही, मी विचारत नाहीये, सांगतेय." बाबांनी आयुष्यात कधी तुमच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. खाली येऊन खरं सांगायला सात पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून माझे बूट घरात आले. ओट्याखाली वर्तमानपत्रावर त्यांना जागा मिळाली, आणि तुम्ही रोज सकाळी देवांच्या आधी त्यांच्याकडे बघायला लागलात. मी लाजेने जास्त पळायला लागलो. आठ महिन्यांनी खालच्या डिव्हिजनमधल्या एका लहानशा क्लबने मला घेतलं. करारावर सही करून आलो त्या संध्याकाळी तुम्ही पुरणपोळ्या केल्यात, आणि मी पाचच खाल्ल्या म्हणून क्लबच्या आहारतज्ज्ञाला शिव्या घातल्यात, तो बिचारा तिथे नसताना.

मग नऊ सीझन खेळलो. चार क्लब, दोन्ही गुडघ्यांची एकेक शस्त्रक्रिया, कॅनडाच्या संघात एकदा बोलावणं, त्यातही बहुतेक वेळ बाकावरच. मोठा खेळाडू मी नव्हतो. पण शनिवारी दुपारी तीन वाजता मैदानात उतरण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. माझा पहिला गोल नडगीला लागून गेला होता. तुम्ही स्टँडमध्ये दोन शाली, एक कोट आणि चहाचा थर्मास घेऊन बसायचात आणि चेंडू माझ्याकडे आला की ओरडायचात, "अरे, मार की!" दुसऱ्या सीझनपर्यंत तुमच्या आजूबाजूचे चार-पाच लालबुंद गोरेही "मार की!" ओरडायला लागले होते. तुम्हाला ऑफसाइड शेवटपर्यंत कळला नाही. पण मला काय कमी पडतं, ते तुम्हाला बरोबर कळलं होतं.

एकदा सहा आठवडे कोचने मला बाकावर बसवलं. मी तुमच्या टेबलाशी तोंड पाडून जेवत होतो. तुम्ही पोळी वाढता वाढता म्हणालात, "बारा वर्षं मी तपासलेल्या रिपोर्टवर दुसऱ्याची सही जायची. मी कधी पोळीवर राग काढला नाही. नीट जेव." गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने घरी पडून होतो तेव्हा तुमच्याकडचे जुने दिवाळी अंक तुम्ही माझ्या मांडीवर टाकलेत. हे पत्र मराठीत लिहितोय ते त्या दोन महिन्यांच्या जोरावर.

शेवटच्या आजारात तुम्ही तुमच्याच हॉस्पिटलात होतात. मी ट्रेनिंग संपवून यायचो. एका दुपारी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझं एक वर्ष माझ्या हट्टात गेलं रे. ते तेवढं मनात राहिलंय." त्या क्षणी सांगायला हवं होतं. तुमच्या मनावरचं ओझं माझ्या दोन वाक्यांत उतरलं असतं. मी म्हटलं, "अहो, सोडा ना ते." तुम्ही खिडकीकडे मान वळवलीत. आठवडाभराने तुम्ही गेलात.

आता मी इथेच मुला-मुलींना गोल मारायला शिकवतो. गुडघे पाऊस यायच्या आधी दुखतात, बाकी मजेत आहे. या पत्रावर कुठला पत्ता घालणार, म्हणून ते टेबलावरच राहील. माफी मागायची म्हणून बसलो होतो, आणि त्या दुपारी तुमचा हात हातात असताना गप्प राहिलो त्याची माफी मागतोच. पण त्या पहिल्या खोट्याची माफी मला मागवत नाही, आत्या. खरं सांगितलं असतं तर बाबांनी तिकीट काढलं असतं, आणि तुम्हीच माझी बॅग भरून दिली असतीत. मला ते वर्ष हवं होतं. अजूनही कोणी त्या जिन्यात नेऊन उभं केलं, तर मी खाली उतरणार नाही.