दिव्याच्या खारीतली माती

दापोली,
१२ ऑक्टोबर १९८९

प्रिय दादूस,

मालूचा नमस्कार. बाबांना आणि आत्याला सांग, पोरगी बरी आहे. मेसची आमटी पातळ असते, पण भात मी दोनदा वाढून घेते.

या दिवाळीला घरी येणं जमणार नाही. कॉलेजच्या शेतात भाताची कापणी आहे, आमच्या तुकडीला थांबावं लागेल. आत्याने ठाकुर्लीच्या त्या स्थळाला बोलावलं असेल तर तिलाही एवढंच सांग.

तू पाठवलेली माती मिळाली. प्रत्येकाने आपापल्या शेतातली आणायची होती. मी ऐटीत पिशवी उघडली. "सर, ही आमच्या दिवा गावची. खाडीकाठची खारजमीन." सरांनी चिमूटभर बोटांत चोळली. "खाडीकाठची काळी असते. अगं, ही लाल, टेकडीवरची आहे." मी भांडले, "भावाने स्वतः खणून पाठवलीय!" मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ वाट चुकला असेल." सगळा वर्ग हसला. मग पाण्यात ढवळून मीठ तपासलं. जवळजवळ नव्हतंच. तळाशी विटेचा चुरा बसला.

मी तुला उघाडीजवळची माती मागितली होती. भरतीचं पाणी अडवायला आपण फळ्या टाकायचो तिथली. उधाणात बांध फुटला की आई डोक्यावरून चिखल वाहायची, तो कोपरा. तू तिथूनच काढलीस, मला खात्री आहे. फक्त ती माती आता तिथली राहिली नाही.

डोंबिवलीला रंगाच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला लाल आणि काळं यातला फरक कळला नाही, असं मी कसं मानू? तुला लिहवत नव्हतं, म्हणून माती पाठवलीस ना?

भराव कधी टाकला रे? शेत विकायचं मी इथे यायच्या आधीच ठरलं होतं का?

डॉक्टरकी आपल्याला परवडणार नाही म्हणून मी रडत होते, तेव्हा तूच या शेतकी कॉलेजची चौकशी करून आलास. "फी झेपेल, वसतिगृह आहे. घरातली पहिली पदवी तुझी." बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "शेत हाय म्हनून जा. शेत नसता तं घरान बसवली असती." मी मनात म्हटलं होतं, खाऱ्या पाण्यात तगणारं भात आपल्याच खारीत उभं करून यांना दाखवीन. इथल्या वाफ्यात उतरले की अजून मला आपलाच बांध दिसतो.

घरी आले तर तो भराव मला दिसणार. मला दिसला की बाबांना बोलावं लागणार. आणि ते बोलले की पुढचं वाक्य ठरलेलं आहे: शेत नाही, आता घरी बस. माझ्या तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटते, म्हणून ते गप्प आहेत. त्यांच्या त्या लाजेवर माझं शिक्षण चाललंय, दादूस.

म्हणून मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. विचारलं तर म्हण, माती पोचली, मालू खूश आहे. मे महिन्यात न येण्यासाठी दुसरं काहीतरी शोधीन. पुढच्या दिवाळीला आणखी काही.

कापणी खरं तर परवाच संपली. सगळ्या मुली बॅगा भरतायत. सुट्टीत वसतिगृहात मी आणि राखणीला असलेल्या सरस्वतीबाई, एवढ्याच असू. भाऊबीजेचं ओवाळणं मनातल्या मनात करीन.

तू मात्र "घरी ये" असं लिहू नकोस. लिहिलंस तर मी येईन.

अजून शेत असलेल्या घरातली,
तुझी मालू