सत्तराव्या पायरीची काच

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर तरी निघत नाही, हे कळलं. डॉक्टरांनी तुला पलंगाला खिळवून ठेवलं ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर तू त्यांच्याच दवाखान्याच्या भिंती ठोकून बघत बसली असतीस. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जित्याची खोड काही जात नाही.

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे. दुकान चार दिवस बंद ठेवून कुठेतरी जाऊन यायचं, असं मी बायकोला कबूल करून बसलोय. लग्नाला बारा वर्षं झाली, एकदाही कुठे नेलं नाही, हे वाक्य मला रोज चहाबरोबर मिळतं. लोकांना चष्मे देऊन दूरचं दाखवता, आम्हाला गल्लीपलीकडचं तरी दाखवा, असं म्हणते.

तर दोन जुन्या राजधान्यांपैकी एक निवडायची आहे. जंक्शनवरून एक गाडी डावीकडे जाते, एक उजवीकडे, आणि चार दिवसांत दोन्ही होणं शक्य नाही. तळ्याच्या शहरात पाण्यातला राजवाडा, बागा, होडी. मनोऱ्याच्या शहरात किल्ला आणि तो उंच मनोरा. बायकोचं मत तळ्याला. टिटवीचं मत मनोऱ्याला, कारण पाठ्यपुस्तकात त्याचं चित्र आहे आणि तो माझ्या आत्याने दुरुस्त केला असं तिने साऱ्या वर्गात सांगून ठेवलंय. नऊ वर्षांची झाली, पण तोंड काही मिटत नाही. माझं मत विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

तू दोन्ही शहरांत नोकरी केलीस, तिथली भिंतन्‌भिंत तुला ठाऊक. तू सांगशील तिकडे जाऊ.

लोभ आहेच, तो प्लास्टरच्या आत अडकू देऊ नकोस.

तुझा,
ठोंब्या

—

७ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तळ्याला जा. यात विचारण्यासारखं काय आहे? पाण्यातला राजवाडा बघण्यासाठी लोक कुठून कुठून येतात. संध्याकाळी होडीत बसलं की राजवाड्याच्या सगळ्या कमानी पाण्यात उतरलेल्या दिसतात. मी तिथे दोन वर्षं होते, पण एक दिवस कंटाळले नाही. तुझ्या बायकोला अक्कल आहे, तिचं ऐक.

मनोऱ्यात काय ठेवलंय? काळोखा जिना, वटवाघळांचा वास आणि धापा टाकणारी माणसं. तुझे गुडघे तरी कुठे धड आहेत? वर जाऊन दिसतं काय, तर खालचं शहर, आणि ते खालूनही दिसतं. टिटवीला म्हणावं, आत्याने काही दुरुस्त केलेलं नाही. आत्याने फक्त कागदावर सही केली. वर्गात उगाच फुशारक्या मारू नकोस म्हणावं.

माझं बरं चाललंय. परवा आमच्या खात्यातला जुना नकाशेवाला भेटायला आला होता. तासभर बसला, इकडचं तिकडचं सांगून गेला. तेव्हापासून भूक थोडी कमी झालीय, पण पडून राहिल्यावर भूक लागणार तरी कशी.

तळ्याची तिकिटं काढलीस की कळव. माझ्या जिवाला घोर लावू नकोस.

आहे तेवढी माया तुम्हा तिघांवरच आहे, ती वाटून घ्या.

ताई

—

११ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलं तुला! पत्र वाचून मी दुकानात एकटाच इतका हसलो की चष्म्याचा नंबर काढायला आलेले आजोबा घाबरून उठलेच.

लहानपणी बाबा दोन पतंग आणायचे, एक साधा आणि एक शेपटीचा. तू साध्याचं असं काही कौतुक करायचीस की मी ठोंब्या तोच उचलायचो आणि तू निमूटपणे शेपटीचा घेऊन गच्चीवर. मला अक्कल यायला आठ वर्षं लागली. मग मी एक नियमच करून टाकला, ताई ज्याचे गोडवे गाईल ते सोडायचं आणि ज्याला नावं ठेवेल ते घ्यायचं. तेव्हापासून एकदाही फसलो नाही. यंदा तळ्याचे एवढे गोडवे आणि मनोऱ्याची एवढी निंदा वाचली आणि नियम लावला. तुला मनोरा आमच्याबरोबर स्वतः हिंडून दाखवायचा आहे, म्हणून आम्हाला यंदा तळ्याकडे पिटाळतेस. खरं की नाही?

तर तिकिटं मनोऱ्याची काढली. एकवीसला निघायचं, बावीसला पोहोचायचं. चोवीसला संध्याकाळच्या गाडीने परत आणि पंचवीसला सकाळी बाराच्या आत दुकान उघडायचं. बायको दोन दिवस अबोला धरून होती, पण पुढच्या वर्षी तळं, असं वचन दिल्यावर कळी खुलली. टिटवी वर जाऊन तुझ्या नावाने हाक मारणार आहे. तिचा आवाज बघता तो तुझ्यापर्यंत सहज पोहोचेल.

पाय ठीक झाला की तुझ्याबरोबर पुन्हा जाऊ. रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
(आता तेवढा ठोंब्या न राहिलेला) ठोंब्या

—

१५ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

या वेळी मी खरं बोलत होते रे. आयुष्यभर खोटं कौतुक केल्यावर खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? दोष माझाच. आता सगळं लिहिते, बायकोला वाचून दाखव, टिटवीला नको.

मनोऱ्याच्या जिन्यात सत्तराव्या पायरीशी एक अरुंद खिडकी आहे. खिडकीखाली भिंतीला जुना तडा आहे, साधारण हातभर. असा तडा वाढतोय की थांबलाय हे कळावं म्हणून आम्ही त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतो, दोन्ही टोकं सिमेंटने घट्ट. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. लोखंड वाकतं, लाकूड फुगतं, काच मात्र खोटं बोलत नाही. मनोऱ्याचं काम चालू होतं त्या वर्षी मी तुझ्या दुकानातली काच कापायची हिरकणी उसनी नेली होती, आठवतं? प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात तारीख आणि माझी खूण कोरून मी ती पार बोथट करून परत दिली आणि तू महिनाभर चिडून होतास.

नियम असा की काचेवर निदान तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. मी अकरा महिने ठेवलं. मनोरा लोकांना खुला करण्याची तारीख वरून ठरून आली होती, साहेबांनी कागद पुढे केला, काच तोपर्यंत अखंड होती आणि मी सही केली. बावीस वर्षं झाली त्याला. त्या सहीवरच माझी बढती झाली, तीही लपवत नाही.

नकाशेवाल्याने त्या दिवशी सहज सांगितलं की मनोऱ्यात हल्ली एका वेळी दहाच माणसं सोडतात. का, ते कुणी सांगत नाही. मी खात्याला लगोलग पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, जिना आपल्याच अहवालानुसार सुरक्षित आहे. माझीच चप्पल माझ्याच तोंडावर.

जाऊ नका, असं लिहायला हवं. पण तू जाणारच आहेस, तर माझं एक काम कर. मी अंथरुणातून उठू शकत नाही आणि दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. बायकोला आणि पोरीला खाली बसव. तू एकटा सत्तराव्या पायरीपर्यंत जा, ती काच बघ. तडकलेली असेल तर तिथूनच माघारी फिर, कुणालाही वर जाऊ देऊ नकोस आणि मला तार कर. अखंड असेल तर खुशाल वर जा, टिटवीलाही ने. भिंत बावीस वर्षं हलली नाही असा त्याचा अर्थ, आणि मग मीही सुखाने झोपेन.

ताई

—

२३ नोव्हेंबर, मनोऱ्याच्या शहरातून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पेढे वाट, मग पत्र वाच. तुझी काच अखंड आहे!

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. दोघींना खाली बाकावर बसवलं, पायऱ्या मोजत वर गेलो. सत्तराव्या पायरीशी खिडकी, खिडकीखाली तडा, तड्यावर काच. टॉर्च लावून चष्मा काढून अगदी नाक टेकवून पाहिली. ताई, काच हा माझा धंदा आहे, मला कुणी फसवू शकत नाही. कुठे तडा नाही, टवका नाही, कडा अगदी आत्ताच कापल्यासारख्या. रुमालाने पुसली तर रुमालाला धूळसुद्धा लागली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा नाही. बावीस वर्षांची काच इतकी नवी राहते, म्हणजे तुमच्या खात्याला उगाच नावं ठेवतेस. चांगली निगा राखतात की.

मग खिडकीतून हात हलवला आणि दोघी वर आल्या. बायकोने शंभराव्या पायरीला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण वर पोहोचल्यावर खुलली. टिटवीने तुझ्या नावाने दोन हाका मारल्या. ऐकू आल्या का?

पहारेकरी जरा विचित्र वाटला. काच बघत होतो तेव्हा मागे येऊन उभा राहिला आणि काय बघताय, म्हणून विचारलं. माझ्या बहिणीने लावलीय म्हटलं, तर तडक खाली निघून गेला. डाव्या भिंतीला टेकू नका, असं मात्र सगळ्यांना सारखं बजावत होता. आणि खाली आल्यावर टिटवीच्या बुटांतून चिमूटभर पांढरी भुकटी निघाली. चुन्याचा हात नुकताच दिला असावा.

आज आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे वरून नदी दिसली नाही आणि टिटवीचं तोंड एवढंसं झालं. म्हणून उद्या सकाळी आठला परत चढणार आहोत. एक शाळेची सहलही येणार आहे, चाळीस मुलं. पोरांसाठी उद्या दहा माणसांचा नियम सोडणार आहेत म्हणे. टिटवीला एवढी गर्दी मिळाल्यावर ती आत्याचं भाषण ठोकणार, तयारी चालू आहे.

तू आता निवांत झोप. तुझी सही खरी ठरली, माझा नियमही खरा ठरला. पंचवीसला दुकानातून फोन करतो. तोवर आमच्यावरचा लोभ जपून ठेव.

तुझा,
ठोंब्या

—

२५ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता साडेबाराला मिळालं. तू ज्याला उद्या म्हणतोस तो काल होऊन गेला.

ओरखडा नव्हता म्हणतोस. माझ्या काचेवर ओरखडे होते रे. तुझीच हिरकणी दाबून दाबून मी तारीख कोरली होती, माझी खूण कोरली होती, बोटाला लागतील इतकी खोल. तू बघितलीस ती माझी काच नव्हतीच. माझी कधी फुटली कोण जाणे. कुणीतरी तिचे तुकडे काढले, तिथे नवी बसवली आणि जिना चालू ठेवला, माझ्या सहीवर.

तुझी यात काडीचीही चूक नाही. मी तुला विचारलं, काच तडकलीय की अखंड आहे? माझ्या डोक्यात दोनच उत्तरं होती. माझ्यानंतर कुणी काच बदलेल हे तिसरं मला सुचलंच नाही. तारीख बघ, एवढं लिहायला एक ओळ लागली असती. चढू नकोस लिहायला तर तेवढीही नाही. पण मला तुझ्याकडून ऐकायचं होतं की माझी सही बरोबर होती, म्हणून मी स्वतःच्या हाताने लिहिलं की खुशाल वर जा, टिटवीलाही ने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हात माझा आणि अवलक्षण कुणाचं, ते देव जाणे.

खात्याला कागद लिहून झाला. माझा अहवाल चुकीचा होता, मी सही मागे घेते, जिना आजच्या आज बंद करा, एवढंच. शेजारीणबाईंनी तो आत्ताच पोस्टात नेऊन तारेने पाठवला. बावीस वर्षं तो कागद मला लिहिता येत नव्हता आणि आज चार ओळींत झाला.

फोन त्यांच्या घरात आहे आणि वायर इकडे पोहोचत नाही, म्हणून पोस्टातून आल्यापासून त्याच तुझ्या दुकानाचा नंबर फिरवतायत. दर दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून सांगतात की घंटी वाजतेय, कुणी उचलत नाही. आता दीड वाजला. गाडीला उशीर झाला असेल. तू बाराला दुकान उघडतो म्हणालास तरी कधी वेळेवर उघडलंयस? टिटवी गाडीत झोपली नसेल, तिला आधी घरी सोडून मग येत असशील. असंच असेल.

तुला पतंगांचं आठवतं, म्हणून सांगते. शेपटीचा पतंग मी दर वेळी नेला, पण एकदाही उंच उडवला नाही. फाटेल म्हणून गच्चीवर नुसती हातात धरून बसायचे. एवढ्याशा गोष्टीसाठी तुला फसवत आले. हे पत्र पोहोचलं की उत्तर लिहू नकोस, पत्राला दोन दिवस लागतात. फक्त फोन उचल आणि टिटवीला मोठ्याने बोलायला सांग.

सकाळचं वर्तमानपत्र उशाशी पडलंय. कालचं वाचून झालं होतं, आजच्याची घडी अजून मोडलेली नाही. शेजारीणबाई पुन्हा नंबर फिरवतायत. त्यांचं बोलणं ऐकू आलं, की मग उघडते.

लोभ ठेव रे.

ताई