रायफल साफ करताना

आबा, परवा रविवारी दुपारी एक सिनेमा पाहिला. छावणीत एका जवानाचा खून होतो, सगळे त्याला अपघात म्हणतात आणि चौकशीला एक बाई कॅप्टन येते. सहा दिवस कागलच्या कारखान्यात उभं राहून पाय भरून आले होते. थंडगार थिएटरात डोळा लागला तर लागू दे, अशाच बेतानं गेले होते. पण पहिला अर्धा भाग चांगला निघाला. जवान एकेक करून कॅप्टनच्या खोलीत येतात, सावधान उभे राहतात आणि अपघाताचं तेच वाक्य, एक शब्द न बदलता, सांगून जातात. मागे संगीतसुद्धा नाही. माझी झोप तिथंच उडाली. पुढं मात्र सिनेमा घसरला. चिखलातून चालत आलेल्या सुभेदाराचे बूट चकाचक, तुम्ही असता तर "ह्येला कुणी भरती केलं?" म्हणून मोठ्यानं विचारलं असतंत. खुनी सापडतो आणि उभ्या उभ्या सगळं आपणच सांगून टाकतो. मेलेल्याच्या बायकोला दोनच प्रसंग, त्यातही नुसतं रडायचं काम.

तिच्यावरून गडमुडशिंगीच्या मावशी आठवल्या, तुमच्या पलटणीतल्या दोस्ताच्या, काकांच्या, मागं राहिलेल्या बायको. मी दहावीला होते, काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तुम्ही पेन्शनवर घरी आला होता. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही जेवताय आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारातच बसल्यात. "भावजी, रायफल साफ करताना गोळी सुटली म्हणत्यात. साक्षीला तुमची सही हाय. खरं काय ते सांगा की."

तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. "कागदात हाय तेच खरं, वैनी."

"पण आबा, काका तर किती जपून वागायचे," मी मधेच म्हणाले.

"तू भाकरी वाढ."

मावशी चहा न घेता गेल्या. तुम्ही अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठलात.

मग बारा वर्षांमागचा दवाखाना. सकाळी मी ओल्या फडक्यानं तुमचं तोंड पुसत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "रायफल त्येच्या हातात नव्हतीच गं. सायबाच्या हातात हुती. भांडण झालतं. मी बघत हुतो." मग सही का केलीत, विचारलं तर "तवा तुमी बारकी हुता," एवढंच बोललात आणि भिंतीकडं वळलात. तिसऱ्या दिवशी गेलात.

सिनेमात खरं काय ते दोन तासांत बाहेर येतं, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. सगळ्यात मोठा दोष मला तोच वाटला. तुमच्यावर रागवायचं बरीच वर्षं मनात होतं. आता त्यालाही अंगात जोर उरलेला नाही. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून सांगते. तुमच्या दिवसकार्याला मावशी आल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "जाताना काय बोललं का गं तुझं आबा?"

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "न्हाय मावशी. शेवटी वाचाच गेलती."